ना पंखा, ना पिस्टन! वाफेवर थंडावा देणारा आणि आगीशी लढणारा ‘इजेक्टर’ नेमका कुठे मार खातो?

वाफेच्या इंजिनांच्या काळात रेल्वेच्या डब्यातली साखळी ओढली की गाडी थांबायची. पण ती साखळी थेट ब्रेकला बांधलेली नसे. गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक नळी गेलेली असायची आणि तिच्यातली बरीचशी हवा काढून टाकलेली असायची. या पोकळीमुळे, म्हणजे व्हॅक्यूममुळे, ब्रेक सुटलेले राहत. साखळी ओढली की झडप उघडायची, बाहेरची हवा नळीत घुसायची आणि ब्रेक चाकांना आवळले जायचे.

आता प्रश्न असा, की धावत्या गाडीच्या नळीतून ही हवा सतत बाहेर कोण काढत होते? त्यासाठी ना मोटर होती, ना पंखा. इंजिनावर एक साधी दिसणारी नळी बसवलेली असे. तिच्यातून वाफेचा झोत सोडला की तो झोत आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून बाहेर नेत असे. या नळीचे नाव इजेक्टर.

हीच नळी पाणी बर्फाच्या जवळपास गार करू शकते आणि तिचीच भावंडे आग विझवण्याच्या कामीही येतात. आतला एकही भाग हलत नाही, त्यामुळे झिजायला आणि बिघडायला फारसे काही नसते. मग प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक इमारतीत हेच यंत्र का दिसत नाही? कारण एकच: ते वाफ फार खाते. हा खादाडपणा कशामुळे येतो आणि कमी कसा करता येतो, ते सोप्या भाषेत समजून घेऊया.

दीडशे वर्षांहून जुनी कल्पना

आँरी जिफार हे फ्रान्सचे अभियंते. १८५२ साली वाफेच्या इंजिनावर चालणारे हवाई जहाज उडवणारे म्हणून त्यांचे नाव इतिहासात आहे. याच जिफार यांनी १८५८ साली ‘इंजेक्टर’ नावाच्या उपकरणाचे पेटंट घेतले. बॉयलरमधलीच वाफ झोताच्या रूपात वापरून बॉयलरमध्ये पुन्हा पाणी ढकलायचे, अशी ती युक्ती होती. ऐकायला अशक्य वाटते, पण ती चालली आणि जगभरच्या रेल्वे इंजिनांत पोहोचली.

पुढे १९०१ च्या सुमारास, वाफेच्या टर्बाइनसाठी प्रसिद्ध असलेले चार्ल्स पार्सन्स यांनी कंडेन्सरमध्ये साचलेली हवा काढण्यासाठी वाफेचा झोत वापरला. १९१० च्या आसपास फ्रान्सच्या मॉरिस लेब्लां यांनी त्याच्यावर चालणारे शीतयंत्र उभे केले. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या इमारतींत आणि रेल्वेच्या प्रवासी डब्यांत अशी यंत्रे वातानुकूलनासाठी बसवली गेली. गाडीत वाफ होतीच, तिचाच उपयोग केला गेला.

त्यानंतर विजेवर चालणारे कॉम्प्रेसर आणि सीएफसी वायू आले. ते कमी जागेत, कमी ऊर्जेत जास्त थंडावा देऊ लागले. वाफेचा इजेक्टर रासायनिक कारखाने, तेलशुद्धीकरण आणि वीज केंद्रे यांपुरता उरला.

गरम वाफेने पाणी गार कसे होते?

उत्तर स्वयंपाकघरात आहे. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर उकळते. याच्या उलट केले तर? दाब कमी केला, तर पाणी १०० अंशांच्या खाली उकळते. दाब फारच कमी केला, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण ऐंशीव्या भागावर आणला, तर पाणी १० अंश सेल्सिअसलाच उकळू लागते.

उकळायला उष्णता लागते. बाहेरून ती मिळाली नाही, तर पाणी स्वतःचीच उष्णता वापरते. थोड्या पाण्याची वाफ होते आणि मागे उरलेले पाणी गार होते. माठातले पाणी गार होते तेही याच कारणाने, फक्त इथे वेग प्रचंड असतो. म्हणजे काम एवढेच, की भांड्यातला दाब कमी ठेवायचा आणि तयार होणारी गार वाफ सतत उपसत राहायचे. ते काम इजेक्टर करतो.

त्याचे तीन भाग असतात:

१. नोझल: बॉयलरची वाफ आधी निमुळत्या आणि मग पसरत जाणाऱ्या तोंडातून जाते. स्वीडनचे गुस्ताफ दे लाव्हाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टर्बाइनसाठी असे नोझल वापरले. यातून बाहेर पडणाऱ्या वाफेचा वेग आवाजाच्या वेगापेक्षा जास्त होतो. १३० अंशांच्या वाफेला १० अंशांच्या पाण्याच्या दाबापर्यंत पसरू दिले, तर हिशेबाने तिचा वेग सेकंदाला एक किलोमीटरहून अधिक भरतो.

२. मिश्रण कक्ष: हा झोत गार भांड्यातली वाफ आपल्याबरोबर ओढतो. भरधाव ट्रक शेजारून गेल्यावर रस्त्याकडेचा पाचोळा त्याच्यामागे धावतो, तसेच काहीसे.

३. डिफ्यूझर: पुढे नळी पुन्हा रुंद होत जाते. वाफेचा वेग कमी होतो आणि त्या बदल्यात दाब वाढतो. वाढलेल्या दाबाची ही वाफ कंडेन्सरमध्ये जाते आणि थंड पाण्याच्या नळ्यांना लागून तिचे पुन्हा पाणी होते.

या सगळ्यात गारवा देणारा पदार्थ म्हणजे साधे पाणी. ओझोनला धोका नाही, गळती झाली तरी विषारी काही नाही. मर्यादा एक: पाणी शून्य अंशाला गोठते, त्यामुळे या पद्धतीने डीप फ्रीझर बनत नाही. ५ ते १५ अंशांचे गार पाणी हे तिचे खरे क्षेत्र.

एका टनाचा हिशेब

एसीच्या दुकानात ‘एक टनाचा’, ‘दीड टनाचा’ असे शब्द ऐकू येतात. एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॉट एवढी उष्णता बाहेर काढण्याची क्षमता.

१० अंशांच्या गार पाण्यासाठी एक टन क्षमता हवी असेल, तर तासाला सुमारे ५.३ किलो पाण्याची वाफ व्हावी लागते. पाच किलो म्हणजे फार नाही, असे वाटेल. पण एवढ्या कमी दाबाला एक किलो वाफ सुमारे १०६ घनमीटर जागा व्यापते. म्हणजे दर तासाला ५६० घनमीटरहून अधिक वाफ उपसायची. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा वीस खोल्या भरतील एवढी ही वाफ झाली, आणि तीही फक्त एका टनासाठी! साध्या पिस्टनच्या पंपाला हे जड जाते. इजेक्टरला एवढे आकारमान हाताळणे सोपे पडते, हे त्याचे बलस्थान.

आता खर्चाची बाजू. एक किलो बॉयलरची वाफ किती किलो गार वाफ ओढते, या प्रमाणाला अभियंते ‘एन्ट्रेनमेंट रेशो’ म्हणतात. समजा हे प्रमाण ०.३ आहे. मग ५.३ किलो गार वाफ ओढायला तासाला सुमारे १८ किलो बॉयलरची वाफ लागेल. उष्णतेच्या भाषेत, ३.५ किलोवॉट थंडाव्यासाठी १२.७ किलोवॉट उष्णता खर्च.

दिलेल्या ऊर्जेच्या बदल्यात किती थंडावा मिळाला, याला ‘सीओपी’ म्हणतात. वरच्या उदाहरणात तो ०.२८ येतो. प्रयोगशाळेतल्या छोट्या यंत्रांनी साधारण ०.२ ते ०.६ पर्यंत मजल मारली आहे. घरातल्या चांगल्या एसीचा सीओपी ३ च्या वर असतो, पण तो वीज खातो आणि ती वीज बनवताना आधीच बरीच उष्णता वाया गेलेली असते. म्हणून खरी तुलना उष्णतेवर चालणाऱ्या दुसऱ्या यंत्राशी करायला हवी. पुण्याच्या थरमॅक्ससारख्या कंपन्या बनवतात ते ‘अ‍ॅब्सॉर्प्शन चिलर’ हे असे यंत्र. त्याच्या एकेरी टप्प्याच्या प्रकाराचा सीओपी ०.७ च्या आसपास असतो. म्हणजे इथेही इजेक्टर मागेच आहे.

ऊर्जा जाते कुठे?

पहिली गळती मिश्रणातच होते. वेगाने जाणारा झोत जवळजवळ स्थिर असलेल्या वाफेला धडकतो आणि दोन्ही मिळून एकाच वेगाने पुढे जातात. धावत्या हातगाडीवर कोणी धान्याचे पोते टाकले तर गाडीचा वेग घटतो, तसे. एक किलो झोताने ३०० ग्रॅम वाफ ओढली, तर केवळ या धडकेत गतीची सुमारे २३ टक्के ऊर्जा उष्णता होऊन जाते. हा निसर्गाचा नियम आहे, कितीही घासूनपुसून नळी बनवली तरी तो चुकत नाही.

दुसरी गळती पुढे होते. आवाजापेक्षा वेगवान असलेला प्रवाह एकाएकी मंदावतो, तेव्हा ‘शॉक वेव्ह’ तयार होते. ज्या वेगातून दाब मिळवायचा, त्यातला काही भाग इथे फुकट जातो. नळीच्या भिंतींशी होणारे घर्षण ही तिसरी गळती.

अमेरिकेतले जोसेफ कीनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात आणि १९५० साली या प्रवाहाचे गणित मांडले. इजेक्टरची रचना करताना आजही त्या गणिताचा आधार घेतला जातो.

खरा शत्रू: पुढचा दाब

इजेक्टरबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: हे यंत्र मागून मिळणाऱ्या वाफेपेक्षा पुढून येणाऱ्या दाबापुढे जास्त हतबल असते.

कंडेन्सरमधला दाब एका ठरावीक मर्यादेच्या खाली असेल, तोपर्यंत इजेक्टर निमूटपणे ठरलेली वाफ ओढत राहतो. कंडेन्सर आणखी थंड केला तरी ओढ वाढत नाही. पण दाब त्या मर्यादेच्या जरा वर गेला, की ओढ झपाट्याने घसरते. आणखी वर गेला तर प्रवाह उलटतो आणि बॉयलरची गरम वाफ थेट गार भांड्यात शिरते. हळूहळू थकणे याला माहीत नाही, तो एकदम कोसळतो. या मर्यादेला ‘क्रिटिकल बॅक प्रेशर’ म्हणतात.

ही मर्यादा ओलांडायला किती वेळ लागतो? कंडेन्सरमध्ये ३५ अंशांना वाफेचे पाणी होत असेल, तर तिथला दाब सुमारे ५६ मिलिबार असतो. तेच तापमान ४० अंश झाले तर दाब ७४ मिलिबारवर जातो. फक्त ५ अंशांत ३१ टक्के वाढ! म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा थंडाव्याची सर्वाधिक गरज असते, नेमके तेव्हाच हे यंत्र रुसण्याची शक्यता सर्वाधिक असते.

अशा वेळी ‘वाफेचा दाब वाढवा’ हा पहिला सल्ला मिळतो. पुढचा दाब मर्यादेबाहेर गेला असेल, तर हा उपाय लागू पडतो, कारण जोरदार झोत जास्त दाबाशी झुंजू शकतो. पण कंडेन्सर नीट काम करत असताना दाब वाढवला, तर उलटा परिणाम होतो. नोझलमधून जास्त वाफ जाते, झोत जास्त फुगतो आणि गार वाफेला आत यायला कमी जागा उरते. खर्च वाढतो, थंडावा मात्र वाढत नाही.

मग कार्यक्षमता वाढवायची कशी?

वाफ कोरडी ठेवा. वाफेत पाण्याचे थेंब असतील, तर ते प्रचंड वेगाने नोझलच्या भिंती खरवडतात. नोझलचा व्यास ५ टक्के वाढला तरी तोंडाचे क्षेत्रफळ आणि त्याबरोबर वाफेचा खर्च साधारण १० टक्के वाढतो. त्यामुळे इजेक्टरच्या आधी सेपरेटर आणि चालू स्थितीतला स्टीम ट्रॅप हवा, वाफेच्या नळ्यांवर चांगले लॅगिंग हवे आणि नोझलचा व्यास ठरावीक काळाने मोजायला हवा.

कंडेन्सर सांभाळा. वरच्या उदाहरणातल्या इजेक्टरला एका टन थंडाव्यामागे सुमारे १६ किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. ३.५ सीओपीच्या विजेच्या एसीला यासाठी ४.५ किलोवॉट पुरतात. म्हणजे कंडेन्सर आणि कूलिंग टॉवरवर साडेतीनपट भार. नळ्यांत क्षार साचले किंवा टॉवरचा पंखा मंदावला, तर सगळे गणित कोलमडते. पाणीही त्याच प्रमाणात जास्त लागते, हे दुष्काळी भागात विसरून चालत नाही.

हवेची गळती शोधा. यंत्राच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा खूप कमी असतो, म्हणून प्रत्येक सैल सांध्यातून हवा आत येते. वाफेचे पाणी होते, हवेचे होत नाही. ती कंडेन्सरमध्ये साचून दाब वाढवते. तिला काढायला आणखी एक छोटा इजेक्टर किंवा पंप लागतो. गळती जेवढी कमी, तेवढा त्याचा खर्च कमी.

गरजेपेक्षा जास्त गार करू नका. ५ अंशांच्या पाण्यासाठी दाब ८.७ मिलिबारवर न्यावा लागतो, १० अंशांसाठी १२.३ आणि १५ अंशांसाठी १७ मिलिबारवर. कारखान्यातल्या कामाला १५ अंशांचे पाणी पुरत असेल, तर तेवढ्यावरच थांबावे. सुरुवातीचा दाब जास्त असला की इजेक्टरची चढण कमी होते आणि तेवढ्याच वाफेत तो जास्त गार वाफ ओढतो. सगळ्यात स्वस्त सुधारणा बहुतेकदा हीच असते.

मापे जुळवा. नोझलचे टोक मिश्रण कक्षाच्या किती आत आहे आणि नोझलच्या गळ्याच्या तुलनेत मिश्रण नळी किती रुंद आहे, यावर बरेच काही ठरते. रुंद नळी जास्त वाफ ओढते, पण पुढच्या दाबापुढे लवकर हार मानते. अरुंद नळी कमी ओढते, पण तग धरते. दोन्ही फायदे एकाच मापात मिळत नाहीत. म्हणून काही रचनांत नोझल पुढे-मागे सरकवता येते किंवा त्याच्या गळ्यात एक सुई घालून तोंड लहान-मोठे करता येते. संगणकावर प्रवाहाचे चित्र काढून ही मापे आता आधीच तपासता येतात.

एका मोठ्याऐवजी अनेक छोटे. इजेक्टर अर्ध्या क्षमतेवर चालवणे अवघड असते. त्यापेक्षा चार छोटे इजेक्टर शेजारी-शेजारी बसवून गरजेप्रमाणे दोन किंवा तीन सुरू ठेवणे सोयीचे पडते.

या सगळ्यातून समजा एन्ट्रेनमेंट रेशो ०.३ वरून ०.४ झाला. १०० टनांच्या यंत्रात तासाला सुमारे १,७८० किलोऐवजी १,३३५ किलो वाफ पुरेल. साखर कारखान्यात एक किलो बगॅस जाळून साधारण दोन किलोच्या आसपास वाफ मिळते. त्या हिशेबाने ही बचत तासाला दोनशे किलोहून अधिक बगॅसची झाली.

आता आगीकडे वळूया

वाफेचा झोत आणि आग यांचे नाते बरेच जुने आहे. स्कॉटलंडमध्ये क्लॅकमनन भागातल्या एका कोळसा खाणीत तीस वर्षांहून अधिक काळ जमिनीखाली आग धुमसत होती. १८५१ च्या सुमारास गोल्ड्सवर्दी गर्नी या इंग्रज संशोधकाने ती विझवण्याचे काम हाती घेतले. त्यांनी वाफेच्या झोताचा उपयोग थेट आगीवर मारण्यासाठी केला नाही. भट्टीत जळण जाळून ऑक्सिजन संपलेला वायू तयार केला आणि वाफेच्या झोताने तो ओढून खाणीत ढकलला. सुमारे तीन आठवड्यांत ८० लाख घनफुटांच्या आसपास वायू आत गेला. नंतर त्याच झोताने पाण्याचे बारीक तुषार सोडून खाण थंड केली. म्हणजे इजेक्टरचेच तत्त्व: एका झोताने दुसरा वायू ओढायचा आणि हव्या त्या जागी पोहोचवायचा.

नुसती वाफ कोंडून आग विझवण्याची पद्धतही होती. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या भट्ट्यांत अशी वाफ सोडण्याची सोय आजही असते. पण तिला मर्यादा आहेत. थंड जागेत वाफेचे पटकन पाणी होते आणि तिच्या जागी पुन्हा हवा येते. शिवाय वेगवान वाफेच्या झोताने स्थिर विद्युत तयार होते, त्यामुळे ज्वालाग्राही वायू भरलेल्या टाकीत ती सोडणे धोक्याचे ठरते. जहाजांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियमही आग विझवण्याच्या स्थिर यंत्रणेत वाफेला सर्वसाधारणपणे परवानगी देत नाहीत.

एकाच कराराने दोन क्षेत्रांत पाणी परत आणले

१९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला. ओझोनचा थर वाचवण्यासाठी शीतयंत्रांतले सीएफसी आणि आग विझवणारे हॅलॉन हे दोन्ही वायू बंद करण्याचा निर्णय त्यातून झाला. विकसित देशांनी हॅलॉनचे उत्पादन १९९४ च्या सुरुवातीला थांबवले, भारतासारख्या देशांसाठी दोन्हींची मुदत २०१० होती. त्यानंतर थंडावा आणि अग्निशमन या दोन्ही क्षेत्रांतले अभियंते पुन्हा पाण्याकडे पाहू लागले.

अग्निशमनात यातून ‘वॉटर मिस्ट’, म्हणजे पाण्याचे धुके, पुढे आले. एक लिटर पाण्याचे एक मिलिमीटरचे थेंब केले, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो. तेच थेंब ०.१ मिलिमीटरचे केले, तर ६० चौरस मीटर. पृष्ठभाग दहापट, म्हणून उष्णता शोषणेही तेवढेच जलद. त्या एका लिटरची पूर्ण वाफ झाली, तर ती सुमारे १,७०० लिटर जागा व्यापते आणि ज्वाळेजवळचा ऑक्सिजन मागे सारते.

पाण्याचे असे बारीक थेंब करायचे दोन मार्ग आहेत. एक तर पाण्यावर प्रचंड दाब द्यायचा, नाहीतर वाफ किंवा हवेच्या वेगवान झोतात पाणी सोडून ते फोडायचे. दुसऱ्या मार्गात इजेक्टरचीच रचना वापरता येते. इथे ‘कार्यक्षमता’ या शब्दाचा अर्थ मात्र बदलतो. शीतयंत्र वर्षभर चालते, तिथे किलोकिलो वाफेचा हिशेब महत्त्वाचा. अग्निशमन यंत्रणा वर्षानुवर्षे पडून असते आणि एके दिवशी काही मिनिटांत तिला सगळे काम करावे लागते. तिथे थेंबांचा आकार, झोत किती दूर पोहोचतो आणि गरजेच्या क्षणी बॉयलरमध्ये वाफ तयार आहे का, हे प्रश्न मोठे. ज्या कारखान्यात वाफ चोवीस तास असते, तिथेच वाफेवरचे अग्निशमन शहाणपणाचे ठरते.

अग्निशमन दलाकडे असलेली इजेक्टरची भावंडे

ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई बंदरातल्या बुचर बेटावर वीज पडून डिझेलच्या टाकीला आग लागली आणि ती काही दिवस धुमसत होती. अशा तेलाच्या आगीवर नुसते पाणी मारून भागत नाही, फेसाचा थर पसरावा लागतो. हा फेस बनवण्यासाठी पाण्यात ३ किंवा ६ टक्के फोमचे द्रावण मिसळावे लागते. त्यासाठी होजच्या मध्ये जे छोटे उपकरण जोडतात, त्याला ‘एडक्टर’ किंवा ‘इंडक्टर’ म्हणतात. तत्त्व इजेक्टरचेच, फक्त वाफेऐवजी पाण्याचा झोत असतो आणि तो कॅनमधले द्रावण ओढतो.

आणि याचा शत्रूही तोच: पुढचा दाब. एडक्टरमधून जाताना पाण्याचा साधारण एक तृतीयांश दाब खर्च होतो. आत ७ बार दाब असेल, तर बाहेर जास्तीत जास्त साडेचार-पावणेपाच बार उरतो. पुढे होज फार लांब जोडला, नोझल उंच मजल्यावर नेले, होजला पीळ पडला किंवा न जुळणारे नोझल लावले, तर पुढचा दाब वाढतो आणि फोम ओढणे अचानक बंद होते. होजमधून पाणी येत राहते, त्यामुळे सगळे ठीक चालले आहे असे वाटते. फेस मात्र नसतो. म्हणूनच एडक्टर आणि नोझल यांची क्षमता जुळलेली असणे आणि सरावात प्रत्यक्ष फेस येतो का हे पाहणे, हे आगीच्या वेळी जीव वाचवणारे काम ठरते.

दुसरे भावंड आगीच्या पंपाला जोडलेले असते. तळ्यातून किंवा विहिरीतून पाणी उचलायचे, तर आधी सक्शन होजमधली हवा काढावी लागते. काही पंपांत इंजिनाच्या धुराच्याच झोताने ही हवा ओढली जाते. फुकट जाणाऱ्या धुरातून घेतलेले हे काम काही सेकंदांचे असते, म्हणून तिथे सीओपीची चर्चा कोणी करत नाही.

मग इजेक्टरचे भविष्य काय?

जिथे वाफ मुद्दाम बनवावी लागते, तिथे इजेक्टरवरचे शीतयंत्र महागच पडेल. पण जिथे वाफ किंवा उष्णता आधीच वाया जात असते, जसे की साखर कारखाने, रासायनिक उद्योग किंवा दूध प्रक्रिया, तिथे ०.३ चा सीओपीही वाईट नाही. फुकट उष्णतेतून मिळालेला थंडावा विजेचे बिल वाढवत नाही.

इजेक्टरला आणखी एक नवे घर मिळाले आहे. जपानच्या डेन्सो कंपनीने २००३ साली ट्रकमधल्या शीतपेटीसाठी इजेक्टर वापरला. तिथे तो कॉम्प्रेसरची जागा घेत नाही, त्याला हातभार लावतो: झडपेतून दाब कमी होताना जी ऊर्जा वाया जायची, ती परत मिळवतो. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या सुपरमार्केटच्या शीतयंत्रांतही आता ही युक्ती वापरली जाते.

थंडावा असो की आग, इजेक्टर विकत घेताना ‘झोत किती जोरदार आहे?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: झोताच्या पुढे किती दाब असणार आहे, आणि कडक उन्हाळ्याच्या दुपारी किंवा होज पाचव्या मजल्यावर नेल्यावर तो किती वाढणार आहे? त्याचे उत्तर आधी मोजून ठेवले, तर ही बिनहलती नळी वर्षानुवर्षे तक्रार न करता काम करते. मोजले नाही, तर ती नेमकी गरजेच्या दिवशीच दगा देते.